वाकवून धरलेली वायर

आमच्या घरात आलेला पहिला मीटर मी निवडला तो केवळ दिसायला देखणा होता म्हणून. नेकनूरच्या आठवडी बाजारात एक माणूस गोणपाट अंथरून जुनंपानं सामान मांडायचा. रेडिओचे स्पीकर, सायकलचे डायनामो, कुठल्याशा कारखान्यातून निघालेले स्विच, असं काहीबाही. त्या दिवशी त्याच्यापुढं दोन मीटर होते. मीटर म्हणजे वीज मोजायचं यंत्र. त्याच्या लाल आणि काळ्या अशा दोन वायरींची टोकं दोन ठिकाणी लावली की काचेमागचा काटा हलतो आणि तिथं वीज आहे की नाही, किती आहे, ते सांगतो. दोन्हींतला एक जाडजूड, मातकट रंगाचा, कोपरे झिजलेला होता. दुसरा तळहातात मावेल एवढा, काळाभोर, गुळगुळीत. त्याचा काटा केसासारखा बारीक होता. माझ्यासोबत नाना होते, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांनी मातकट मीटर हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाले, "ह्यो दणकट दिसतो." मी काळ्याकडं बोट दाखवलं. नानांनी एकदा माझ्याकडं, एकदा त्या मीटरकडं बघितलं आणि हातातला खाली ठेवला. "वापरायचा तुला हाय," एवढंच ते म्हणाले.

मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गांत होते. विजेच्या सामानाचं वेड मला घरातल्या रेडिओनं लावलं. तो एकदा बंद पडला, मी पाठीमागचं झाकण काढलं, सेलजवळची गंजलेली पट्टी चाकूच्या टोकानं घासली आणि तो बोलायला लागला. त्यात माझी काही हुशारी नव्हती, पण घरात तशी समजूत झाली आणि मलाही ती आवडली. मग शाळेतल्या एका जुन्या मासिकात बघून साबणाच्या डबीत रेडिओ बसवला. त्याची लांबलचक तार अंगणातल्या लिंबापासून माळवदापर्यंत ताणली. तिच्यावर काकू, म्हणजे नानांची बायको, हमखास लुगडं वाळत घालायच्या आणि माझ्या कानातला आवाज मरायचा. मी ओरडले की त्या म्हणायच्या, "दोर हाय म्हनून घातलं, मला काय म्हाईत त्यातून मानसं बोलत्यात ते." आईला आम्ही बाई म्हणायचो. बाईला हे सगळं पसंत नव्हतं, पण तिची नापसंती बोलण्यातून यायची नाही. मी तारा घेऊन ओसरीत बसले की आतून पाटा-वरवंट्याचा आवाज वाढायचा. कारळाची चटणी त्या दिवशी जरा जास्तच बारीक व्हायची.

घराचे व्यवहार दोघा भावांनी वाटून घेतले होते. दादा, म्हणजे माझे वडील, गावाचे, पंचायतीचे, पाहुण्यारावळ्यांचे. नाना मळ्याचे. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं तेव्हा ते हँडल मारून सुरू करता करता नानांचा खांदा दुखायचा. विजेची मोटर आली तेव्हा त्यांना झालेला आनंद मी दुसऱ्या कशाच्या बाबतीत बघितला नाही. पण मोटर बिघडली की वायरमनची वाट बघावी लागे. एका वायरमनकडं आसपासची बरीच गावं होती, तो आज म्हणाला तर तीन दिवसांनी यायचा. मीटर घरात आल्यावर नाना मला मळ्यात न्यायला लागले. मी वायरी लावायची, काटा बघायचा आणि सांगायचं, "हितं हाय," नाहीतर "हितं न्हाई." मग ते फ्यूज बदलायचे, स्क्रू आवळायचे. सकाळी सुशीला खाऊन आम्ही निघायचो. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्याचा तिखट उपमा म्हणा. परत येईपर्यंत काकूंची येसर आमटी चुलीवर उकळत असायची. या कामात मी स्वतःला फार मोठी समजत होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मीटरचा दोष मला घेतल्या घेतल्या कळला होता. लाल वायर टोकाच्या दांडीजवळ आतून तुटत आली होती. वरून काही दिसत नव्हतं, रबर शाबूत होतं. पण वायर सरळ राहिली की काटा पडून राहायचा, आणि अंगठ्यानं जरा डावीकडं वाकवून धरली की जागा व्हायचा. मी ती वाकवून धरायला शिकले. इतकी शिकले की धरते आहे हेही ध्यानात राहीना. शिवाय त्या मीटरला आणखी एक खोड होती. रेडिओतली थोडकी वीज मोजायला गेलं की तो स्वतःच तिच्यातली काही पिऊन टाकायचा आणि कमी आकडा दाखवायचा. तीही मी चालवून घेतली, मनातल्या मनात थोडे आकडे वाढवून. नानांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी दणकट म्हणून उचललेला मीटर खाली ठेवायला लावणारी मीच होते.

माझ्या भाच्याच्या मुलीला हल्ली हाच नाद लागला आहे. पुण्यात राहते, हौस म्हणून छोटी छोटी यंत्रं बनवते. परवा तिनं फोनवर तीन मीटरचे फोटो पाठवले आणि कुठला घेऊ म्हणून विचारलं. तिन्ही आकडे दाखवणारे, पिवळे, लाल, हिरवे. एकात तापमान मोजायची सोय, एकात अंधारात दिसणारा पडदा. मी तिला उलट विचारलं की तू मोजणार काय आहेस, नुसत्या बॅटऱ्या, की भिंतीतली लाईट पण? ती म्हणाली, "आजी, दोन्ही. पण वायरीचे फोटो कुणी टाकतच नाही." मला ते ऐकून बरं वाटलं. माझ्या वयाच्या माणसाला असं बरं वाटायचे प्रसंग कमी येतात. असो.

मीटर घेतला त्या वर्षीचा गहू ओंबीवर आला होता. एका सकाळी नाना मळ्यातून परत आले आणि दारातूनच म्हणाले, "सिंधे, चल गं. मोटर गुनगुनती, पन फिरत न्हाई." मी मीटर घेतला. विहिरीजवळ चार खांबांवर पत्र्याचं छप्पर होतं, त्याखाली लोखंडी पेटी. पेटीत वर मेन स्विच, खाली स्टार्टर. स्टार्टरची एक वायर जळून काळी पडली होती, स्क्रूपासून सुटली होती. ती कापून, सोलून परत बसवायची, एवढंच काम. नानांनी मेनचा दांडा खाली ओढला. त्यांनी ओढला हे मी बघितलं. मग ते म्हणाले, "बघ बरं." मी काळी वायर पेटीच्या लोखंडाला लावली आणि लाल वायर एकेक करून मेनच्या खालच्या तिन्ही स्क्रूंना. काटा हलला नाही.

"न्हाई," मी म्हणाले.

"तिन्हीला न्हाई?"

"तिन्हीला न्हाई."

नाना उकिडवे बसले होते. त्यांनी उजव्या हातानं जळकी वायर धरली, आणि मला एक आवाज ऐकू आला, तो त्यांच्या तोंडून आला की पेटीतून, हे आजही सांगता येत नाही. उकिडवे होते म्हणून वाचले. तोल जाऊन ते मागं पडले आणि त्यांच्याच वजनानं हात सुटला. ओल्या मातीत उताणे पडले, डोळे उघडे. मी मीटर हातात धरून उभी होते. किती वेळ उभी होते ते ठाऊक नाही, फार नसावा. मग त्यांनी मान वळवली आणि हळू विचारलं, "आलती का लाईट मधीच?"

"आली असंल," मी म्हणाले.

त्या क्षणी मला खरं माहीत होतं. माझ्या उजव्या अंगठ्यात लाल वायर सरळ होती.

बांधापलीकडं काम करणाऱ्या माणसांनी त्यांना बैलगाडीत घालून सडकेला नेलं, तिथून मिळेल त्या गाडीनं बीडला. दोन दिवसांनी घरी आले. अंगठा आणि शेजारची दोन बोटं आतपर्यंत भाजली होती, कोपरापर्यंत पांढरं बांधलेलं. दादांनी वायरमनला बोलावून आणलं. त्यानं पेटी उघडली, मेनचा दांडा दोनदा वरखाली केला आणि सगळ्यांना जवळ बोलावून दाखवलं. मेनच्या आत तीन पाती असतात, दांडा ओढला की तिन्ही सुटायला पाहिजेत. त्यातलं एक तापून चिकटून बसलं होतं. दांडा खाली आला तरी त्या एका पात्यातून वीज खाली येतच होती. "मालक, ह्यात कुनाचीच चूक न्हाई," तो म्हणाला, "मेननं दगा दिला." घरात सगळ्यांना हलकं वाटलं. काकूंनी देवापुढं नारळ फोडला. दादा मला म्हणाले, "तुझ्या हाताला लागलं असतं तर?" बाईनं मीटर उचलला आणि आतल्या खोलीतल्या उतरंडीत सगळ्यात खालच्या मडक्यात टाकून वर चार मडकी रचली.

मेन चिकटलं होतं हे खरंच होतं. पण मेन चिकटलं तर कळावं, याचसाठी तर मीटर लावायचा असतो. एका स्क्रूवर वीज होती आणि मी नाही म्हणून सांगितलं होतं. हे घरात फक्त मला समजत होतं. मी चांगली जेवत होते, शाळेत जात होते, हे विशेष. मन खात होतं वगैरे म्हणावं तर तसंही नाही. मला फक्त नाना जेवायला बसले की तिथं बसवायचं नाही.

ते डाव्या हातानं जेवायला शिकत होते. भाकरी एका हातानं मोडता येत नाही. ज्वारीची भाकरी तर नाहीच, ती ताटात घसरत जाते. पहिले काही दिवस काकू आमटीत कुस्करून द्यायच्या. मग ते म्हणाले, आता माझं मी करतो. एका दुपारी मी पाणी द्यायला गेले तेव्हा ओसरीत ते एकटेच होते. त्यांनी भाकरीवर डाव्या हाताचा पंजा दाबला, बोटांनी तुकडा ओढायचा प्रयत्न केला. ताट फिरलं आणि आमटी लवंडली. त्यांनी गुडघ्यानं ताट अडवलं आणि परत पंजा ठेवला. मी तांब्या खाली ठेवून बसले, भाकरी मोडली, आणि मोडता मोडताच सांगितलं.

"नाना, लाईट मधीच आली नव्हती. मीटरची लाल वायर आतून तुटकी हाय."

ते माझ्या हातांकडं बघत राहिले. "म्हंजी?"

"वाकवून धरली की चालती. सरळ झाली की काटा हलत न्हाई. त्या दिवशी सरळ झालती."

"कवापासून हाय तसं?"

"घेतला तवापासून."

त्यांनी एक तुकडा उचलून खाल्ला. सावकाश चावला. "मंग सांगितलं न्हाई कावून?"

"तुमी फेकून दे म्हनला असता."

"म्हनलोच असतो," नाना म्हणाले.

पुढं बराच वेळ ते जेवत राहिले आणि मी मोडत राहिले. मला वाटलं होतं, ते रागावतील किंवा जाऊ दे म्हणतील. यातलं काहीच झालं नाही. भाकरी संपल्यावर त्यांनी पाणी मागितलं, पिऊन तांब्या ठेवला आणि म्हणाले, "मेनचं पातं चिकटलं ते चिकटलं. लोखंड हाय, त्याला काय कळतंय. तू बघायला होतीस." एवढं बोलून ते उठले. हे वाक्य मला तेव्हा थपडेसारखं लागलं. आज ते मला नुसतं बरोबर वाटतं.

त्यानंतरचे काही दिवस त्यांनी माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. दादांना त्यांनी सांगितलं असावं, कारण एका सकाळी ओसरीतला आवाज चढला. दादा म्हणत होते की पोरीच्या हाती असले खेळ द्यायलाच नको होते, आता बास. नानांचं उत्तर मला आतून ऐकू आलं. "उशिरा बोलली, पन बोलली. तिनं सांगितलं नसतं तर मी जन्मभर मेनला शिव्या देत बसलो असतो." मग आत बघून हाक मारली, "सिंधे, कपडे बदल. यष्टी यायला आली."

बीडला आधी दवाखाना झाला, पट्टी बदलली. मग एका गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर एक म्हातारे चाचा होते, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी नानांना पाटील म्हणून बसायला स्टूल दिलं आणि काय पाहिजे विचारलं. नानांनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "तिला इचारा."

"मीटर पाहिजे," मी म्हणाले.

"कशाला पाहिजे बेटा? रेडिओला की मोटरीला?"

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. "दोन्हीला," मी म्हणाले. त्यांनी काचेखालून दोन काढले. एक माझ्या मीटरचाच नवाकोरा भाऊ, तसाच काळा, देखणा. दुसरा विटेएवढा, करड्या रंगाचा. त्याच्या आकड्यांखाली आरशाची पट्टी होती, काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की आकडा बरोबर वाचता येतो. चाचांनी पाठीमागचं झाकण काढून आतला फ्यूज दाखवला. चुकून भलत्या ठिकाणी लावला तर आधी हा जातो, म्हणाले, मीटर वाचतो, वाचला तर तूही वाचतेस. रेडिओतली वीज हा पीत नाही, म्हणाले, पाहिजे तेवढाच थेंब घेतो. छोटा खिशात राहतो, टॉर्चच्या सेलला चांगला आहे, पण लाईटीला लावू नको.

मी मोठा पुढं ओढला. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली, काटा झटकन दुसऱ्या बाजूला गेला. मग टोकं तशीच टेकवून ठेवली आणि लाल वायर दांडीजवळ डावीकडं वाकवली, उजवीकडं वाकवली, वर, खाली, सरळ. काटा जागचा हलला नाही. काळ्या वायरीचं तसंच केलं. उजवीकडं नेताना काटा थरथरला. मी परत केलं. परत थरथरला.

"ही वायर नको," मी म्हणाले. "मीटर हाच, वायर दुसरी द्या."

चाचांनी चष्मा वर केला. "नवा माल हाय बेटा. एवढं तर चालतंय."

"मला न्हाई चालत."

"कुनी शिकवलं हे?"

नानांनी बांधलेला हात उचलून काचेवर ठेवला, तसाच राहू दिला. चाचांनी हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. आतून तीन खोकी आणली, वायरींच्या चार जोड्या माझ्यापुढं टाकल्या आणि माझं होईपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं. मी तिसरी जोडी घेतली. जाड होती, जरा आखूड होती. बसमध्ये खोकं माझ्या मांडीवर होतं. नाना खिडकीतून बाहेर बघत होते. नेकनूरला उतरताना त्यांनी विचारलं, "ह्योबी काळाच घ्यावा वाटला का?" मी नाही म्हणाले. ते किंचित हसले असावेत, पण त्यांचं तोंड दाराकडं होतं.

मळ्यातली पेटी तोपर्यंत तशीच बंद होती. वायरमननं मेन नवं बसवून दिलं होतं, पण स्टार्टरची जळकी वायर जोडायची राहिली होती आणि गव्हाला शेवटचं पाणी हवं होतं. आम्ही दोघं गेलो. नानांनी डाव्या हातानं दांडा खाली ओढला. मी आधी मेनच्या वरच्या स्क्रूंना वायर लावली, जिथं दांडा कसाही असला तरी वीज असतेच. काटा वर गेला. मग खालच्या तिन्हींना लावली. काटा पडून राहिला. मग परत वरती. परत वर गेला.

"एकदा बघितलं की," नाना म्हणाले.

"मीटर जिता हाय का ते बघते."

ते सवयीनं पुढं झाले आणि उकिडवे बसायला लागले. मी म्हणाले, थांबा. मीटर बाजूला ठेवला आणि वीज असलीच तर मूठ आवळून चिकटू नये म्हणून माझ्या उजव्या हाताच्या बोटांची मागची बाजू पहिल्या स्क्रूला लावली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. गार लोखंड लागलं, दुसरं काही नाही. मी मागं वळून बघितलं तेव्हा नानांचा डावा हात माझ्या परकराच्या ओच्याला धरलेला होता, ओढायच्या तयारीत. तो त्यांनी सोडला.

वायर मीच सोलली, मीच बसवली, स्क्रू मीच आवळले. दांडा वर केला, बटण दाबलं, मोटर फिरली. पाटात पाणी पडायला लागलं तसे नाना फावडं घेऊन डाव्या हातानंच पाटाचं दार मोडून वाफ्यात पाणी सोडायला गव्हाकडं गेले. त्यांचा अंगठा पुढं कधी नीट वळला नाही. भाकरी मोडण्यापुरता वळायचा. पुढं मी शिकायला बाहेर पडले, तंत्रशाळेत शिकवायला लागले, सुट्टीला घरी यायची. पण त्या पेटीतल्या वायरींना त्यांनी परत हात लावलेला कुणी बघितला नाही. काही बिघडलं आणि दादांनी वायरमनचं नाव काढलं की ते बांधावर बसून म्हणायचे, "सिंधूला येऊ द्या." भीतीनं म्हणायचे की भरवशानं, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. मी जायची, मीटर लावून बघायची, तिन्ही स्क्रूंना आधी माझा हात लावायची, आणि मग त्यांना सांगायची, न्हाई.